दोघांना पुरतं म्हणजे किती?

हॉटेलात ऑर्डर देण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारते आणि तो विचारला की सोबतची मंडळी हमखास मोबाइलमध्ये डोकं घालतात. "यात किती येतं?" वेटरचं उत्तरही ठरलेलं असतं. "दोघांना पुरतं." कुठल्या दोघांना, ते कधी कळत नाही. दिवसभर राबून आलेल्या दोघांना, की चार वाजता काहीबाही खाऊन आलेल्या दोघांना? मेनूकार्डावर पदार्थाचं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात त्याचं कौतुक असतं, तिखटपणा दाखवायला लाल मिरच्यांची चित्रं असतात आणि ओळीच्या टोकाला किंमत असते, अगदी चोख. त्या किमतीत ताटलीत किती पडणार, तेवढं मात्र कुठेच नसतं.

खाण्यावर माझा मनापासून जीव आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं कंजूषपणाच्या खाती जमा होईल. नवीन हॉटेल दिसलं की माझी पावलं आपोआप मंदावतात, आणि किराणा आणायला गेले की यादीत नसलेल्या चार बरण्या घेऊन येते. भाव जास्त आहेत, अशी माझी तक्रार नाही. तक्रार मापाची आहे. दुकान असो की हॉटेल, किंमत ठळक अक्षरात सांगायची आणि माप मात्र ज्याचं त्याने शोधून काढायचं, असा रिवाज पडून गेलाय. तो कायद्याने मोडायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

आधी दुकानाचं बोलू. माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. नेहमीचा पुडा त्यात रिकामा केला की डबा काठोकाठ भरायचा. शेवटची दोन बिस्किटं तिथेच उभ्या उभ्या खावी लागायची, त्याशिवाय झाकण लागत नसे. (या नियमाला घरात कुणाचीही हरकत नव्हती.) एके दिवशी झाकण सहज लागलं. मला वाटलं, कुणीतरी आधीच हात मारलाय. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग चष्मा लावून पुड्याची मागची बाजू वाचली, तर वजनाचा आकडा बदललेला होता. पुड्याचा रंग तोच, लांबी जवळपास तीच, किंमत तर तंतोतंत तीच. डब्यात मात्र बोटभर जागा उरत होती आणि त्या जागेचे पैसे मी मुकाट्याने मोजत होते.

अर्थशास्त्रवाले याला श्रिंकफ्लेशन म्हणतात. मी चोरटी महागाई म्हणते. तिचं गणितही चोरटंच आहे. ५०० ग्रॅमचं पाकीट ४५० ग्रॅमवर आलं की माल १० टक्के घटला असं आपण म्हणतो, पण भाव ११ टक्क्यांहून जास्त चढलेला असतो. १०० ग्रॅमचं ८० झालं तर घट २० टक्के आणि वाढ २५ टक्के. हीच वाढ उघडपणे किमतीवर चढवली असती तर दुकानात दोन शब्द बोलले गेले असते, कुणी पाकीट परत ठेवलं असतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१२ ते २०१७ या काळाचा हिशेब मांडला तेव्हा आकाराने लहान झालेल्या २,५२९ वस्तू त्यांना सापडल्या. मला यातली पुढची गोष्ट जास्त लागते. महागाईचा निर्देशांक काढताना हे कार्यालय घटलेलं माप हिशेबात धरतं. म्हणजे कारखान्याला ठाऊक, सरकारी आकडेमोड करणाऱ्यांना ठाऊक. अंधारात राहतो तो डबा भरणारा.

"पण वजन पाकिटावर छापलेलं असतंच की," असं यावर लगेच म्हटलं जातं. असतं, आणि ते खरंही असतं. पूर्वी काटा मारणारा दुकानदार असायचा. आज बहुतेक ठिकाणी बंद पाकिटाचं वजन यंत्रावर होतं आणि त्याचे नियम चांगले काटेकोर आहेत. युरोपातल्या नियमानुसार ५०० ग्रॅम ते एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमची तूट खपवून घेतली जाते, पण सबंध खेपेची सरासरी छापील वजनाच्या खाली जाऊन चालत नाही. मापात पाप असं आता फारसं उरलेलं नाही. जे काही घडतं ते मापाच्या आधी, पाकिटात किती भरायचं हे ठरतं त्या टेबलावर.

तिथे बसलेल्यांना आपला डोळा आपल्यापेक्षा चांगला कळतो. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात लोकांना हातात वजनं उचलायला लावली आणि दाखवून दिलं की आपल्याला फरक जाणवतो तो प्रमाणात. हलक्या वस्तूत थोडी भर पडली तरी कळतं, जड वस्तूत तेवढीच भर पडली तर कळत नाही. या जाणिवेच्या उंबरठ्याच्या आत राहून दर खेपेला थोडंथोडं घटवत गेलं की हाताला पत्ता लागत नाही. शिवाय कपाटात बरणीचं तोंड दिसतं, उंची दिसते, बूड दिसत नाही. म्हणून बूड आत ढकललं जातं. माझ्या एका बरणीचं बूड इतकं आत गेलंय की ती पालथी घातली तर वर छोटी वाटी होते. मी तिच्यात सेफ्टी पिना ठेवते.

आता एक कबुली. माप घटवणं हाच गुन्हा आहे, असं मला मुळीच वाटत नाही. धान्य महागलं, तेल महागलं, तर कुणीतरी तो भार सोसणारच. किंमत वाढवून सोसा, नाहीतर माप घटवून सोसा. ज्याच्या हातात मोजकेच पैसे आहेत त्याला दुसरा मार्ग कधीकधी बराही पडतो. इंग्लंडमध्ये १२६६च्या सुमारास पाव आणि बिअर यांच्याबद्दल एक कायदा झाला. त्यात पावाची किंमत कायम ठेवली होती आणि गव्हाचा भाव चढेल तसं पावाचं वजन उतरत जाई. कमी-जास्त बदल होत हा कायदा पाच शतकांहून अधिक काळ टिकला. आज ज्याला आपण लबाडी म्हणतो ती तिथे राजाज्ञा होती! पण गव्हाच्या कोणत्या भावाला पाव किती वजनाचा, याचं कोष्टक ठरलेलं होतं आणि ते जाहीर होतं. त्याहून कमी दिलं तर दंड, आणि वारंवार दिलं तर भर चौकात खोड्यात अडकवून उभं करत. डझनाला तेरा पाव द्यायची रीत याच धास्तीतून पडली, असं सांगतात.

म्हणजे घटवा, पण सांगून घटवा. ही मागणी काही जगावेगळी नाही. ब्राझीलने २००२ मध्येच उत्पादकांना सांगितलं, की माप कमी केलंत तर ते पाकिटावर ठळक लिहा. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ दोन महिने पाटी लावणं भाग पाडलं. त्याआधी, २०२३ मध्ये, कारफूर या तिथल्या बड्या दुकानसाखळीने आपणहून अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. ते पुरवठादारांवर दबाव आणायला होतं हे उघड आहे, पण गिऱ्हाइकाचं त्यात काही बिघडलं नाही. दक्षिण कोरियात ऑगस्ट २०२४ पासून ही जबाबदारी उत्पादकावर आहे, तीही तीन महिन्यांसाठी आणि दंडासकट.

मला यात कोरियाची रीत पटते. माप कधी घटलं हे सर्वांत आधी उत्पादकाला कळतं. हजारो वस्तू मांडून बसलेल्या दुकानदाराने प्रत्येक खेपेला जुनं पाकीट शेजारी धरून पाहावं, ही अपेक्षा न्यायाची नाही. फ्रान्सचे दोन महिने तर मला थट्टाच वाटते. दूध, पाव रोज लागतात, त्यांना दोन महिने ठीक. पण मसाल्याची बरणी, मधाची बाटली, कॉफीचा डबा आपण तीन-तीन महिन्यांनी घेतो. पाटी लागून उतरेपर्यंत आपलं जुनं पाकीट संपलेलंही नसतं. अशा मालाला सहा महिने सूचना हवी, ती पाकिटावरच छापलेली हवी, आणि 'नवीन आकर्षक रूपात' ही अक्षरं जेवढ्या आकारात छापतात तेवढ्याच आकारात हवी.

दुसरी गोष्ट दर एककाची, म्हणजे १०० ग्रॅमला किंवा लिटरला किती पडलं त्याची. युरोपीय संघाने १९९८च्या निर्देशाने ही किंमत दाखवणं बंधनकारक केलं, ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये मोठ्या दुकानांना. कल्पना उत्तम, अंमल हास्यास्पद. कपाटावरच्या चिठ्ठीत विकायची किंमत अंगठ्याएवढी आणि एककाची किंमत मुंगीएवढी असते. त्यातही एका कंपनीचा दर किलोवर, शेजारचीचा १०० ग्रॅमवर, तिसरीचा नगावर. त्रैराशिक मांडत उभं राहावं तर मागची ट्रॉली पायाला लागते. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून तिथे कुणी हिशेब करतच नाही, आणि नेमकी हीच समजूत वापरून मोठं पाकीट ग्रॅममागे महाग विकलं जातं. मी दोनदा फसल्यावर तपासायला लागले.

हे असं का झालं, याचं एक कारण मला दुकानाच्या रचनेत दिसतं. १९१६ मध्ये क्लॅरन्स साँडर्सने अमेरिकेत मेम्फिसला पिगली विगली नावाचं दुकान काढलं, जिथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः माल उचलायचा होता. त्याआधीची रीत म्हणजे माणूस फळीपलीकडे उभा, आणि तो डोळ्यांदेखत तोलून देणार. 'किती देऊ?' हा त्याचा पहिला प्रश्न. पारडं थोडं खाली गेलं तर ते दिसायचं, झुकतं माप दिलं तर तेही दिसायचं. फळी गेली, माणूस गेला, आणि तो प्रश्नही गेला. आता पाकीटच बोलतं, आणि त्याला जे सांगायचं असतं तेवढंच सांगतं.

हॉटेलात तर माणूस अजून समोर उभा आहे. तरीही उत्तर 'दोघांना पुरतं'.

त्या वेटरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला खरंच माहीत नसतं. स्वयंपाकघराला मात्र पक्कं माहीत असतं. बाहेर बसलेल्या आपल्याला वाटतं, आचारी हाताच्या अंदाजाने वाढतोय. जरा मोठ्या हॉटेलात प्रत्येक पदार्थाचा कागद असतो: कच्चा माल किती, शिजल्यावर किती, एका प्लेटला किती, प्लेटमागे खर्च किती. वाढायचे डाव ठरलेल्या मापाचे असतात. आइस्क्रीमच्या गोळ्याचे चमचे नंबरावर मिळतात. अमेरिकी पद्धतीत १६ नंबरचा चमचा म्हणजे एका क्वार्टात (लिटरला जरा कमी) १६ गोळे, एक गोळा साधारण ६० मिलिलिटरचा. एक डाव जास्त पडला तर महिनाअखेरीला हिशेबात खड्डा पडतो, हे मालकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. माप आहे, लिहिलेलं आहे, फक्त स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येत नाही.

पुरावा हवा असेल तर कॅलरीचा आकडा बघा. अमेरिकेत मे २०१८ पासून २० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून २५० वा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना. आता, वजन ठरल्याशिवाय कॅलरी निघेल कशी? ज्या हॉटेलाला प्लेटमध्ये ६४० कॅलरी आहेत हे छापता येतं, त्याला ती प्लेट किती ग्रॅमची हे छापता येत नाही, असं कुणी मला समजावून सांगावं. कॅलरी म्हणजे नक्की काय हे किती जणांना सांगता येईल, शंकाच आहे. ३५० ग्रॅम म्हणजे किती, हे रोज भाजी आणणाऱ्या कुणालाही कळतं.

पिण्याच्या बाबतीत हा प्रश्न जगाने कधीच सोडवलाय. जर्मनीत बिअरच्या ग्लासवर भरण्याची रेघ कोरलेली असते, ब्रिटनमध्ये पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्यात हॉटेलमालकाच्या मर्जीला वाव नाही. पिणाऱ्याला मिलिलिटर आणि खाणाऱ्याला 'दोघांना पुरतं', हा पंक्तिप्रपंच कशासाठी? मांसाच्या मोठ्या तुकड्यांचं वजन काही देशांत मेनूवर लिहितात, तळाशी 'शिजवण्याआधीचे वजन' अशी टीप टाकून. शिजताना वजन उतरतं हे खाणाऱ्याने समजून घेतलंय, त्यावरून कुठे मारामाऱ्या झालेल्या नाहीत. पिझ्झा व्यासावर विकतात, पण तिथे आपली भूमिती आड येते. २० सेंटिमीटरचे दोन घेतले तर ३० सेंटिमीटरच्या एकापेक्षा कमीच मिळतं. व्यासांचे वर्ग मांडले तर आठशेला नऊशे असं ते प्रमाण आहे आणि दोन्ही पक्षांपैकी एकालाच ते पाठ असतं.

माप लपवल्याने फक्त कमीच मिळतं असं नाही, कित्येकदा नको तेवढं येतं. किती येईल माहीत नाही म्हणून आपण एक पदार्थ वरचा मागवतो, मग टेबलावर जागा उरत नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांच्या चमूने २००२ मध्ये एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १,००० ग्रॅमपर्यंत वाढून पाहिला. सर्वांत मोठी वाढणी समोर आली तेव्हा लोकांनी सर्वांत लहान वाढणीपेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. (मोठ्या ताटलीत माणूस जास्त खातो, अमुक रंगाच्या ताटलीत कमी खातो, असल्या गोष्टी मी मुद्दाम सांगत नाही. त्या ज्यांनी गाजवल्या त्या, पूर्वी कॉर्नेल विद्यापीठात असलेल्या ब्रायन वान्सिंक यांचे बरेच शोधनिबंध मागे घ्यावे लागले.) जे पोटात मावत नाही ते फेकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं २८ टक्के हॉटेलं, खानावळी, कँटीन यांच्याकडून. ते सगळं काही ताटातलं उष्टं नसतं, स्वयंपाकघरातलंही असतं. पण अंदाजपंचे मागवलेल्या जेवणाचा त्यात वाटा नाही असं कोण म्हणेल?

आचाऱ्यांच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो मी गंभीरपणे घेते. स्वयंपाक ही कला आहे, तिला तराजूत घालू नका. एखाद्या दिवशी पीठ फुगलं नाही, मासा लहान निघाला, तर आचाऱ्याने ग्रॅमसाठी पदार्थ बिघडवायचा का? नाही. म्हणून माझी मागणी ग्रॅमपर्यंत जात नाही. तुकड्यात येणारे पदार्थ असतील तर किती तुकडे ते लिहा. वाटीत येत असेल तर वाटी किती मिलिलिटरची ते लिहा. बाकीच्यांना 'सुमारे' हा शब्द आहे आणि तो पुरेसा आहे. दहा टेबलांच्या, घरच्या माणसांनी चालवलेल्या हॉटेलावर सक्ती नको, साखळ्यांवर आधी करा. त्यांच्याकडे आकडे तयारच आहेत. घरपोच डबे पाठवणाऱ्या ॲपवर तर उद्याच करा, कारण तिथे वाटीही दिसत नाही, नुसता फोटो दिसतो आणि फोटोतली वाटी कॅमेऱ्याला चिकटवून ठेवलेली असते.

'लोक वाचतच नाहीत' हा आक्षेप मात्र मला आळशी वाटतो. सगळे वाचत नाहीत, मान्य. एक वाचतो, तो दहांना सांगतो आणि शेजारचा हॉटेलवाला तर नक्कीच वाचतो. छापलेला आकडा बदलताना मालकाला दोनदा विचार करावा लागतो, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

आणि माप लिहिलं तर हॉटेलातलं औदार्य मरेल म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. बाराचं डझन ठरलेलं होतं म्हणून तेरावा पाव मोजता आला. तीनच येणार हे माहीत असताना चौथा तुकडा ताटलीत दिसला की माझा चेहरा कसा होतो, ते सोबतच्यांना विचारा.

मागे एका लहानशा हॉटेलात मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. नवीनच लागलेला पोरगा होता. 'दोघांना पुरतं' हे त्याला अजून कुणी शिकवलं नसावं. तो "थांबा हं" म्हणाला, आत गेला आणि धुतलेला रिकामा वाडगा घेऊन आला. ओलाच होता. टेबलावर ठेवून त्याने काठाच्या जरा खाली बोट लावलं. "इथपर्यंत येतं." मी एक मागवला. सोबतच्यांनी मोबाइल खाली ठेवले आणि एकाने त्याला विचारलं, "आणि तो दुसरा? तो केवढ्यात येतो?" पोरगा पुन्हा आत गेला.